'डॉक्टर सांगतात ते करते' एवढंच सांगून आलीस?

पत्र (थोडं छोटं करून देतीये):

"ताई, मेडिकल वॉर्डात तीन वर्षं झाली. मागच्या महिन्यात इनचार्जच्या पोस्टसाठी इंटरव्ह्यू दिला. पहिलाच प्रश्न, नर्स म्हणून तुमचा रोल काय आणि तुमच्या कामाची हद्द कुठपर्यंत. मी म्हणाले औषधं देते, व्हायटल्स (बीपी, नाडी, ताप, श्वास) बघते, डॉक्टर सांगतात ते करते. समोरच्या मॅडमनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न घेतला. सिलेक्शन झालं नाही. त्याच्या आदल्या आठवड्यात नाइटला ज्युनियर डॉक्टर फोनवर म्हणाले, सात नंबरची सेंट्रल लाइन काढून टाका. मी कधी काढलेली नाही, नुसती काढताना बघितलीये. मी नाही म्हणाले तर ते चिडले, 'एवढंही येत नाही का?' शेवटी शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टरने येऊन पाच मिनिटांत काढली. तेव्हापासून वाटतंय मी घाबरट आहे का. आणि घरी बहीण विचारते तू नक्की करतेस काय दिवसभर, तर तिलाही धड सांगता येत नाही. – नाइटवाली"

अगं नाइटवाली,

आधी त्या लाइनचंच बोलू, कारण इंटरव्ह्यूचं उत्तर त्यातच होतं आणि तू ते घरी ठेवून इंटरव्ह्यूला गेलीस.

तू घाबरट नाहीस. मानेतल्या मोठ्या शिरेत बसलेली नळी काढणं बघायला सोपं दिसतं, टाके कापले, ओढली, दाबून धरलं, झालं. पण पेशंट बसलेला असेल आणि नेमका त्याच क्षणी त्याने श्वास आत घेतला तर छातीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हवा त्या भोकातून आत ओढली जाते आणि थेट हृदयाकडे जाते. म्हणून त्याला आडवं करायचं, जमत असेल तर डोकं किंचित खाली, श्वास सोडताना किंवा रोखून धरलेला असताना नळी काढायची, लगेच दाब द्यायचा, हवा जाणार नाही असं ड्रेसिंग लावायचं, नळीचं टोक पूर्ण आलंय ना ते बघायचं आणि त्याला लगेच उठून बसू द्यायचं नाही. शिवाय त्याआधी रक्त गोठण्याचे रिपोर्ट बघितलेत का, हा प्रश्न आहेच. पाच मिनिटांचं काम आहे हे खरं, पण त्या पाच मिनिटांत काय काय चुकू शकतं हे ज्याला पाठ आहे त्याच्यासाठी.

आता गंमत बघ. शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टरने काढली तेही बरोबर (तिचं ट्रेनिंग झालेलं असेल असं मी धरून चालतीये) आणि तू नाही म्हणालीस तेही बरोबर. एकच काम, एकच हॉस्पिटल, दोघी नर्स, तरी ते तिच्या हद्दीत होतं आणि तुझ्या हद्दीत नव्हतं. ही हद्द म्हणजे काही भिंतीवर लावलेली यादी नाही. मी तिला चाळण्या म्हणते, एकाखाली एक ठेवलेल्या. सगळ्यात वर देशाचा कायदा आणि नर्सिंग कौन्सिल काय करू देतं. त्याखाली तुझ्या हॉस्पिटलची पॉलिसी, कायद्याने चालत असलं तरी आमच्याकडे हे नर्सने करायचं नाही असं ती म्हणू शकते. त्याखाली तू स्वतः काय शिकलीस, कुणाच्या देखरेखीखाली केलंस आणि तुला करता येतं अशी सही कुणी दिलीये का. आणि सगळ्यात खाली आजची रात्र, म्हणजे हा पेशंट किती नाजूक आहे, बिघडलं तर मदतीला कोण आहे, तू एकटी किती जणांना बघतीयेस. चारही चाळण्यांतून खाली आलं तरच ते काम तुझं. शेजारची सिस्टर चारही पार झाली, तू तिसरीत अडकलीस, एवढंच झालं. आणि तिसरी चाळणी मोठी करता येते बरं का, ती कायमची नसते.

पण एक गोष्ट कमी पडली, तीही सांगते. तू 'नाही' म्हणालीस आणि थांबलीस. नुसतं नाही म्हटलं की समोरच्याला वाटतं अडून बसली, आणि पेशंट तर तिथेच राहतो ना नळी घेऊन. पुढच्या वेळी असं म्हण, "सर, सेंट्रल लाइन काढायला मी अजून साइन-ऑफ नाहीये, म्हणून मी एकटी काढणार नाही. शेजारच्या सिस्टरना विचारते, त्या मोकळ्या नसतील तर तुम्हाला यावं लागेल, तोवर पेशंटला आडवं करून सामान लावून ठेवते, आणि मला जवळ उभं राहून शिकायचंय." बघ, यात नकार पहिल्या वाक्यात संपला, पुढचं सगळं पेशंटचं काम कसं होईल तेच आहे. यावर चिडणारे लोक असतात, नाही असं नाही, पण त्यांचं चिडणं मग पाच मिनिटांत निवतं कारण धरायला काही उरत नाही.

आणि 'एवढंही येत नाही का' याने जे टोचलं ना, त्यावर एक जुनी गोष्ट सांगते. १९६६ साली अमेरिकेत हॉफलिंग नावाचे मानसोपचारतज्ज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी एक प्रयोग केला. वॉर्डात एक अनोळखी डॉक्टर फोन करतो आणि नर्सला म्हणतो अमुक पेशंटला अमुक औषध २० मिलिग्रॅम द्या, मी येऊन सही करतो. डबीवर स्पष्ट लिहिलेलं की जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम, औषध वॉर्डाच्या यादीत नाही, आणि फोनवर ऑर्डर घ्यायची नाही असा नियम. २२ पैकी २१ नर्स ते औषध घेऊन निघाल्या. (औषध खोटं होतं, निरुपद्रवी गोळ्या, आणि त्यांना वाटेतच थांबवलं.) मला याहून बोचणारा भाग पुढचा वाटतो. हीच परिस्थिती दुसऱ्या १२ नर्सना नुसती कागदावर विचारली तेव्हा १० जणी म्हणाल्या आम्ही दिलंच नसतं. म्हणजे नियम बहुतेकींना माहीत होता, तो फोनवरच्या आवाजापुढे टिकला नाही.

मग १९७७ मध्ये दुसऱ्या दोघा संशोधकांनी तसाच प्रयोग केला पण औषध ओळखीचं घेतलं, व्हॅलियम, आणि नर्सना आपसात बोलायची मोकळीक ठेवली. त्यात १८ पैकी दोघीच द्यायला तयार झाल्या. धीट बायका मुद्दाम निवडून आणल्या नव्हत्या त्यांनी, साध्या ड्युटीवरच्याच होत्या, मोठा फरक हा की औषध माहितीचं होतं आणि विचारायला शेजारी कुणीतरी होतं. तू त्या रात्री फोनवरच्या आवाजापुढे एकटीच टिकलीस की गं. आणि तुला वाटतंय कमी पडलीस.

आता इंटरव्ह्यू. तुझं उत्तर मी दोनतीनदा वाचलं. औषधं देते, व्हायटल्स बघते, डॉक्टर सांगतात ते करते. खोटं काहीच नाही त्यात. पण यातलं प्रत्येक काम हाताचं आहे, डोक्याचं एकही नाही, आणि शेवटचं वाक्य तर डॉक्टरांबद्दलच आहे, तुझ्याबद्दल नाही. आपण बहुतेक जणी अशाच बोलतो, मीही बोलायचे. काम विचारलं की कामांची यादी द्यायची. पण यादीतलं निम्मं तर कुणालाही शिकवता येईल, बीपीचं मशीन लावून आकडा तर पेशंटचा मुलगाही वाचतो. तो आकडा कालच्यापेक्षा वेगळा का आहे, आत्ता कुणाला उठवायचं की अजून अर्धा तास बघायचं, हे ठरवायचा पगार तुला मिळतो.

माझंच सांगते. नोकरीची सुरुवात होती, एका हॉस्पिटलच्या मेडिकल वॉर्डात नाइट, एक आजोबा, बीपी ठीक, ताप नाही, पण पुढे वाकून बसलेले आणि चादरीशी चाळा चाललेला, श्वास मोजला तर मिनिटाला २४, संध्याकाळी १६ होता. मला आतून कळलं काहीतरी बिघडतंय. फोन केला आणि म्हणाले काय, तर "सर, आजोबांना झोप लागत नाहीये, एकदा बघून जाता का?" झोप! २४ चा आकडा माझ्या हातात होता आणि मी सांगितलं झोपेचं, कारण आकडा सांगितला असता तर निदान सांगितल्यासारखं झालं असतं आणि ते आपलं काम नाही असं डोक्यात पक्कं बसलेलं. ते म्हणाले सकाळी बघू. सकाळी आजोबा आयसीयूत गेले. वाचले, दोन आठवड्यांनी घरी गेले, पण ती 'झोप' मला अजून आठवते.

या प्रकाराला नाव आहे हे मला खूप नंतर कळलं. लिओनार्ड स्टाइन नावाच्या डॉक्टरांनी १९६७ मध्ये त्यावर लेख लिहिला, त्याला डॉक्टर-नर्स गेम म्हटलं. नर्सने सल्ला द्यायचा पण दिला असं दिसू द्यायचं नाही, डॉक्टरने तो घ्यायचा पण घेतला असं दाखवायचं नाही. वाचताना आधी हसू आलं, मग राग आला, कारण आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं तरी आम्ही तो गेम अगदी चोख खेळत होतो.

आता किमान हत्यारं तरी आहेत. २०१२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने काढलेला न्यूज स्कोअर बघ (पेशंट बिघडतोय का ते श्वास, नाडी, बीपी अशा आकड्यांना पॉइंट देऊन ओळखायची पद्धत), त्यात श्वास २१ ते २४ असेल तर एकट्या श्वासाचे दोन पॉइंट लागतात, २५ किंवा वर गेला की तीन, आणि सगळं मिळून ५ झाले की तातडीने कुणीतरी येऊन बघायलाच हवं, ७ ला तर इमर्जन्सी. माझ्या आजोबांचा श्वास एकटाच बोलत होता, पण बोलत होता. तुमच्याकडे कुठलाही स्कोअर असो, श्वास स्वतः मोज. बऱ्याच वॉर्डांत चार्टवर तो अंदाजे लिहिला जातो, कुणी मान्य करत नाही, पण ओळीने सगळ्या पेशंटचा १८ कसा येतो मला सांग.

आणि फोनवर बोलायची एसबार पद्धत तुला शिकवली असेलच. आत्ता काय झालंय, मागची हकीकत काय, मला काय वाटतंय, मला तुमच्याकडून काय हवंय. अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांवरून ती दवाखान्यात आली म्हणे, पाणबुडीत आडूनआडून बोलायला वेळ नसणार. चार भाग आहेत त्यातले पहिले दोन आपण छान सांगतो आणि शेवटचे दोन गिळतो. 'मला काय वाटतंय' हाच तर नर्सचा रोल आहे गं, आणि नेमकं तिथेच आपण गप्प.

निदान करणं आपलं काम नाही, हे पण अर्धंच खरं आहे. न्यूमोनिया आहे हे डॉक्टर ठरवतील. पण न्यूमोनिया झालेल्या या माणसाला कफ बाहेर काढायची ताकद राहिलेली नाही, तो दम लागेल म्हणून जेवण टाळतोय, बाथरूमपर्यंत एकटा गेला तर पडेल, आणि घरी गेल्यावर इनहेलर कसा ओढायचा ते त्याला कळलेलंच नाही, हे कोण ठरवतं? नर्सिंग डायग्नोसिस म्हणतात ते हेच, कॉलेजात केअर प्लॅनच्या रकान्यात भरून भरून कंटाळलो म्हणून आपण ते परीक्षेचं समजतो. आजार त्यांचा विषय, त्या आजारासकट माणूस चोवीस तास कसा जगतोय तो आपला. व्हर्जिनिया हेंडरसन या अमेरिकन नर्सने नर्सिंगची जी व्याख्या केली ती मला अजूनही सगळ्यात जवळची वाटते. अंगात ताकद, मनात इच्छा आणि डोक्यात माहिती असती तर माणसाने स्वतःसाठी जे केलं असतं ते त्याच्यासाठी करायचं, आणि तेही असं की तो लवकरात लवकर परत स्वतःचं स्वतः करू लागेल. डॉक्टरांचा उल्लेखही नाही बघ त्यात. डॉक्टरांच्या ऑर्डरवर करायची कामं आहेतच, सगळ्यांनी मिळून करायची पण आहेत, पण कुशीवर वळवणं, बेडसोर होऊ न देणं, गिळता येतंय का ते बघून मगच पाणी देणं, घाबरलेल्याजवळ बसणं, डिस्चार्जच्या आधी समजावणं याला कुणाची ऑर्डर लागत नाही. नाही केलं तर जबाब मात्र तुलाच द्यावा लागतो.

ऑर्डरचं औषध देतानाही तू पोस्टमन नाहीस. नाडी ४८ असताना नाडी कमी करणारी गोळी चार्टवर आहे म्हणून देऊन टाकलीस तर 'लिहिलं होतं' हे उत्तर चालत नाही. थांबायचं, विचारायचं, मग द्यायची किंवा थांबवायची. हे थांबणं तुझ्या हद्दीत आहे, नुसतं हद्दीत नाही, ते तुझं कामच आहे.

उलटी बाजूही असते आणि चांगल्या नर्स तिथे जास्त अडकतात. सगळं आपणच करायचं. हरवलेली फाइल शोधायची, लॅबला चार फोन, बिघडलेला पलंग, नातेवाइकांचं भांडण, आणि स्पंज द्यायला आयाबाई असताना तोही स्वतःच, कारण सांगत बसण्यापेक्षा केलेलं बरं. मग ज्याला खरंच तुझी नजर हवी होती तो कोपऱ्यातला पेशंट राहून जातो. काम दुसऱ्याला देणं हे पण रोलमध्ये येतं, फक्त काय द्यायचं ते नीट कळायला हवं. स्पंज देता येतो, पाठीची लाल झालेली जागा बघणं देता येत नाही, म्हणून स्पंज चालू असताना दोन मिनिटं जाऊन पाठ बघून यायची आणि जाताना सांगून जायचं की लाल दिसलं तर चोळू नका, मला हाक मारा.

(आणि माणसंच कमी असतील तर? मग तुझ्या कौशल्याचा प्रश्न नाही तो. लिंडा एकन या संशोधक बाईंनी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांचा अभ्यास २००२ मध्ये छापला, ऑपरेशनच्या पेशंटबद्दलचा, एका नर्समागे एक पेशंट वाढला की ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. इनचार्ज झालीस की हा आकडा लागेल तुला.)

बहिणीला काय सांगायचं? तिला व्याख्या नको सांगूस, एक पेशंट सांग, नाव न घेता. आज एक बाई होत्या, सकाळी बोलताना वाक्य अर्धं सोडत होत्या, काल नव्हत्या सोडत, मी शुगर बघितली तर घसरलेली. बहिणीला बरोबर कळेल. आणि ती म्हणाली की मग डॉक्टरच का नाही झालीस, तर एवढंच सांग की हे काम म्हणजे डॉक्टरकीची छोटी साइज नाही. जिथे नर्स तपासतात, औषधं लिहितात (त्यांना नर्स प्रॅक्टिशनर म्हणतात, त्याचा पहिला कोर्स १९६५ मध्ये अमेरिकेत कोलोराडोत लोरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी सुरू केला), तिथेही त्या आधी नर्स असतात, मग वरचं शिक्षण घेतात. म्हणजे चाळण्या कायद्यासकट बदलल्या, आणि बदलायला लावल्या त्या अशाच कुणीतरी.

पुढच्या इंटरव्ह्यूत मी असते तर काय म्हणाले असते, पाठ करू नकोस, तुझ्या भाषेत कर. "माझ्याकडे एका वेळी अमुक इतके पेशंट असतात. त्यांच्यात तासातासाला काय बदलतंय हे सगळ्यात आधी मला कळलं पाहिजे, ते माझं पहिलं काम. जे मी स्वतः ठरवू शकते ते मी करते, जे ठरवू शकत नाही ते ज्याचं आहे त्याच्यापर्यंत वेळेत आणि स्पष्ट पोचवते, आणि जे करायला मी अजून तयार नाही ते करत नाही. मागच्या महिन्यात मला सेंट्रल लाइन काढायला सांगितली होती..." आणि मग ती रात्र सांग. कामाची हद्द विचारली होती ना त्यांनी? ताजा किस्सा हातात होता आणि तू तो लाजेपोटी लपवलास, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

तोवर एक कर. इनचार्जना किंवा जे कुणी तुमचं ट्रेनिंग बघतात त्यांना सरळ सांग की मला लाइन काढायला शिकायचंय, तुमच्या पॉलिसीत नर्सला परवानगी आहे का, असेल तर देखरेखीखाली किती वेळा करावं लागतं आणि सही कोण देतं. पॉलिसीच नसेल तर शेजारची सिस्टर कशाच्या जोरावर काढत होती हाही प्रश्न येईल, तो तिच्यावर बोट न ठेवता विचार.

आणि हो, त्या रात्री फोन किती वाजता आला, कोण काय म्हणालं, तू काय उत्तर दिलंस, लाइन कुणी काढली आणि नंतर पेशंट कसा होता, हे नर्सिंग नोट्समध्ये लिहिलं होतंस ना? पत्रात ते कुठेच नाहीये.

– ताई